तबकडीवरचा हिरवा स्टिकर

पृथ्वीवरचा परग्रहवासीयांचा हल्ला एकदा माझ्यामुळे लांबला, हे मी आजवर घरीसुद्धा कबूल केलेलं नाही.

चाकणला आमचं पत्र्याचे पार्ट दाबून काढायचं शॉप. मी तिथे क्वालिटीला. समोर येईल ती वस्तू मोजायची. बरोबर असेल तर हिरवा स्टिकर, चुकली तर लाल. वीस वर्षांत हाताला अशी सवय लागली की एकदा बायकोनं डब्यात दिलेल्या भाकरीचा व्यास मोजून मी तिलाही हिरवा स्टिकर लावला होता. भाकरी होतीच तशी, कंपासनं काढल्यासारखी.

आमच्या प्रेसवर लातूरकडचे एक म्हातारे ऑपरेटर होते. सगळं शॉप त्यांना मामा म्हणायचं. मामांना आयुष्यात एकच दुःख. लहानपणी गावात तंबूतला सिनेमा आला होता. ब्लॅक अँड व्हाइट. आकाशातून तबकडी उतरते आणि माणसांची दाणादाण उडवते. तोफा झाल्या, विमानं झाली, परग्रहवासी कशालाच दाद देईनात. आता काय होणार म्हणून मामा पुढे सरकले आणि वावटळ आली. पडद्यासकट तंबू उडाला. मी नोकरीला लागलो तेव्हा मामांच्या गोष्टीत हा तंबू शेजारच्या शिवारात पडायचा. मामा रिटायर व्हायला आले तोवर तो कर्नाटकात पोचला होता.

शेवट काही त्यांना दिसला नाही तो नाहीच. सिनेमाचं नावही आठवेना. आम्ही मोबाईलवर डझनभर जुने सिनेमे लावून दाखवले. मामा दोन मिनिटं बघायचे आणि मान हलवायचे. "ह्यो न्हाई. त्यातली तबकडी लई चकाकायची."

शनिवारी मामा रिटायर होऊन कायमचे गावी निघणार होते. पोरगा पाच वाजता गाडी घेऊन येणार. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ द्यायची आमच्याकडे रीत. पण आमचा फोर्कलिफ्टवाला म्हणाला, "भावा, जन्मभर भोंग्यावर चाललेल्या माणसाला घड्याळ कशाला? आपणच काढू की तो सिनेमा. शेवटासकट!"

मामांना आठवत होतं तेवढं त्यांनी सांगितलं आणि आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत आम्ही मोबाईलवर शूटिंग केलं. वेल्डिंगची हेल्मेटं चढवलेले दोघे परग्रहवासी झाले. जीव मुठीत धरून पळणारी जनता म्हणजे कॅन्टीनकडे धावणारी पहिली शिफ्ट. तिला अभिनय शिकवावा लागला नाही. राहिली तबकडी आणि शेवट. शेवटावर एकमत होईना. वेल्डर म्हणे स्फोट करू, पेंटर म्हणे तह करू. शनिवारी बघू, असं ठरलं.

तबकडी शुक्रवारी तयार झाली. स्क्रॅपच्या पत्र्याची, सात फुटी. बफिंगवाल्यानं ती अशी चकाकवली की त्या दुपारी देहूरोडपर्यंतच्या लोकांनी डोळ्यांवर हात धरले म्हणतात. मी आपली सहज मोजली. कडा साफ, गोलाई अचूक. आणि हात गेला. लावला हिरवा स्टिकर.

शनिवारी सकाळी तबकडी गायब.

"हिरवा स्टिकर होता राव," फोर्कलिफ्टवाला म्हणाला. "हिरवं दिसलं की मी ट्रकमध्ये भरतो. काल संध्याकाळीच गेली रांजणगावला, कस्टमरकडं."

"सात फुटी तबकडी भरताना तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना. म्हटलं, नवीन मॉडेल काढलं असेल."

मी रांजणगावला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "तुमचा एक गोल पार्ट आलाय, ड्रॉइंग सापडेना. सकाळपासून चार जण तो गाडीला बसवायला बघतायत. बसत नाहीये. पण फिनिश एक नंबर हं!"

हातापाया पडून तो पार्ट रिजेक्ट करून घेतला. तर परतीचा ट्रक तळेगाव चौकात अडकला. त्या चौकात माणूस गुळगुळीत दाढी करून शिरतो आणि साधू होऊन बाहेर पडतो.

पाच वाजले. भाषणं संपली. मामा गळ्यात हार घालून बसलेले, पोराची गाडी गेटबाहेर उभी. "ऱ्हाऊ द्या रे," मामा उठत म्हणाले, "माझ्या नशिबातच न्हाई त्यो शेवट." ते गेटकडे निघाले. त्यांच्यामागे मी असा चाललो होतो, जणू माझ्याच कपाळावर लाल स्टिकर लावलाय.

आणि गेटवर ट्रक येऊन थांबला.

फोर्कलिफ्टवाल्यानं मोबाईलवर शूटिंग सुरू केलं. हेल्मेटवाले दोघे धावत जाऊन ट्रकवर चढले, तबकडीशेजारी उभे राहिले. ट्रक आत शिरणार तोच सिक्युरिटीचे काका आडवे आले. रजेवरून त्याच दिवशी परतलेले. सिनेमाबद्दल त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"थांबा. गेट पास?"

"आम्ही पृथ्वी जिंकायला आलोय!" एक परग्रहवासी गरजला.

"जिंका की. पास दाखवा. अन् हेल्मेट घातलंय, सेफ्टी शूज कुठायत? चपलांवर आत जाता येत नाही."

"काका, अहो आम्ही परग्रहावरून..."

"कंत्राटी असा नाही तर कायम, नियम एकच. मालाचा कागद आण."

ड्रायव्हरनं कागद पुढे केला. काकांचा चष्मा केबिनमध्ये राहिलेला, म्हणून मामांनीच कागद घेतला आणि वाचला. मग वर पाहिलं. माझ्या हिरव्या स्टिकरवर रांजणगाववाल्यांचा ताटाएवढा लाल स्टिकर, आणि बाकी सगळी तबकडी उन्हात लखलखत होती. मामा तिच्याकडे बघतच राहिले. मग प्रेसच्या धडधडीवर मात करणारा तो जुना आवाज काढून ओरडले, "माल नापास! मापात बसत न्हाई! वापस न्या!"

परग्रहवासीयांनी, कोणी न सांगता, माना खाली घातल्या. ट्रक रिव्हर्स गेला. पृथ्वी वाचली.

त्यानंतर मामा काही केल्या गाडीत बसेनात. गेटच्या केबिनमध्ये वीस माणसं कोंबून आम्ही अख्खा सिनेमा पहिल्यापासून लावला. बाहेर पोरगा हॉर्नवर हॉर्न देतोय, आत मामा मोबाईलला नाक लावून. शेवट आला. गळ्यात हार घातलेला एक म्हातारा पृथ्वी वाचवत होता.

"परत एकदा लाव," मामा म्हणाले. दुसऱ्यांदा बघितल्यावर त्यांनी हारानंच डोळे पुसले.

"बरं झालं गड्या," ते मला म्हणाले, "तवा तंबू उडाला."