सूर्याची मोजणी विचारायला भोरला गेलो त्याची हकिकत

मास्तरला उत्तर येत नव्हतं, एवढीच गोष्ट. "येत न्हाई" म्हणला असता तर त्याची टोपी काही खाली पडली नसती. पण त्यानं माझ्या नातीला वर्गातून उठवलं, परीक्षेच्या यादीतनं तिचं नाव गाळलं, आणि त्यापायी मला या वयात बैलगाडीत हाडं खिळखिळी करत भोर गाठावं लागलं.

आता राम राम. विंझरच्या वर डोंगराला आमची वाडी हाय. मी दोनच इयत्ता शिकलेली, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. तुमच्यातल्या कुणाला लेकीनातीला घेऊन भोरला जायचं असंल तर वाट कळावी म्हणून लिहिते.

आधी भांडण सांगते. मास्तरनं वर्गात सांगितलं, सूर्य हितनं नऊ कोटी तीस लाख मैल लांब. आमची यमी उभी राहिली. "गुरुजी, साखळीचं दुसरं टोक कुणी धरलं होतं?" आमच्याकडं जमिनीची मोजणी होते तेव्हा साखळीचं एक टोक मोजणीवाला धरतो, दुसरं गावचा माणूस. गावचा हात लागला न्हाई तर ती मोजणी कुणी मानत न्हाई. पोरीनं डोळ्यानं बघितलेलं तेच विचारलं. पोरं हसली. मास्तरला वाटलं, आपल्यालाच हसली. "हिला साखळीच हवी, तर हिनं गुरांच्या साखळ्या सोडाव्यात," म्हणाला आणि बाहेर काढली.

तिच्या बापानं, म्हणजे माझ्या लेकानं, आधीच बजावलेलं होतं. चौथी पास झाली तर भोरला आत्याकडं पुढं शिकायला ठेवीन, न्हाई तर गुरांमागं. एकदाच सांगतो, म्हणाला. आणि चौथीची परीक्षा दोन दिवसांवर आलेली, ती बी भोरलाच. म्हणून मी पोरीला घेऊन निघाले. शाळाखात्याचे साहेब भोरला बसतात, त्यांनी मनावर घेतलं तर नाव चढंल असं वाटलं.

पहाटे निघा. विंझरपासून नसरापूरपर्यंत गाडीवाट नदीच्या कडेनं हाय, खड्डे असे की जीभ दातात सापडती. बोलायचंच असंल तर चढाला बोला. भाकरी नाचणीची घ्या, तांदळाची दुपारपर्यंत दगड होती. सोबत सुकट भाजून घेतली तर गाडीवाला आपसूक गोड बोलतो.

यमी सारखी एकेक डोळा मिटत होती. म्या म्हणलं, "डोळ्यात काय गेलं का?"

"न्हाई आजी. नाकासमोर बोट धर. आता हा डोळा मीट. आता तो."

धरलं. बोट राजगडाच्या या अंगाला, मग त्या अंगाला उडी मारायला लागलं. हात लांब केला तर उडी बारकी झाली.

"लांबचं कमी उडतंय," पोरगी म्हणाली.

"मग सूर्य?"

"त्यो जागचा हलत बी न्हाई."

मग मी बी बघत बसले, दुसरं काय करणार. बाभळी झपाझप मागं पडत होत्या. राजगड सावकाश मागं सरकत होता, रुसलेल्या सासूसारखा. सूर्य मात्र गाडीबरोबर चाललेला. वर चढत होता ते त्याच्या वेळेनं, आमच्या चालण्यानं त्याला काही फरक पडत नव्हता. इतकं लांब काही असतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा पटलं. आवडलं न्हाई. जन्मभर ज्याला सकाळी उठून हात जोडले त्याला आपला हात दिसत तरी असंल का, असं वाटलं.

कापूरहोळला फाटा फुटतो. हितं गाडी सोडायची आणि भोरची मोटार धरायची. मोटार भरल्याशिवाय हलत न्हाई, तेव्हा चहा घ्या, पण दुसरा कप मागू नका, पहिल्याच भांड्यात पाणी वाढवतात. शेजारच्या बाकावर एक फेटेवाला होता.

"कुठं निघाला म्हातारे?"

"सूर्याची मोजणी विचारायला."

"आणि कळल्यावर काय, सातबारा करताय का त्याचा?"

"तुमच्या नावावर चढवते. तुमाला लई ऊन लागलेलं दिसतंय."

सगळं दुकान हसलं, तो बी हसला आणि मोटारीत यमीला खिडकीची जागा दिली. जीभ चालती असली की प्रवासात असा उपयोग होतो.

भोरात उतरलो तर परीक्षेला आलेली आमच्याच गावची पोरं धर्मशाळेच्या ओट्यावर धडे म्हणत बसलेली. एकजण ओरडला, "यमे, साखळी आणलीस का?" पोरगी माझ्या पाठीमागं सरली. मी बोलले, ते हितं लिहीत न्हाई.

साहेब माणूस वाईट न्हाई. खुर्ची दिली. म्या आधी मोजणीचं विचारलं. ते म्हणाले, "आजी, साखळी लागत नाही. शुक्राचा तारा कधीतरी सूर्यावरून ठिपक्यासारखा जातो. पृथ्वीवर एकमेकांपासून फार लांब माणसं उभी राहिली. प्रत्येकाला तो ठिपका जरा वेगळ्या जागी दिसला. त्या फरकावरून गणित केलं."

यमी पटकन म्हणाली, "म्हंजे दोन डोळेच की, आजी! लई लांब लांब ठेवलेलं."

साहेब तिच्याकडं बघतच राहिले. "हो. अगदी तेच."

म्हणजे दोन्ही टोकं हितंच होती, माणसांच्याच हातात. पान लावायला लागतो तेवढ्या वेळात उत्तर झालं. त्या उत्तरासाठी पोरीची शाळा गेली.

साहेब पुढं म्हणाले, आपली बैलगाडी दिवसाला वीस मैल चालली तरी तिथं पोचायला बारा हजारावर वर्षं लागतील. म्या म्हणलं, "ते राहू द्या. उद्याच्या परीक्षेचं सांगा." तिथं त्यांचा आवाज उतरला. यादी पक्की झाली, मास्तरांच्या सहीशिवाय नाव चढत नाही. मास्तरांना जाब विचारू. पोरगी हुशार आहे, पुढच्या वर्षी बसवा.

रात्र यमीच्या आत्याकडं काढली. सकाळी पोरं परीक्षेला शाळेत शिरली तेव्हा आम्ही परतीच्या मोटारीची वाट बघत उभ्या होतो.

घरी आलो. बापानं पोरीला काही विचारलं न्हाई. माझ्याकडं बघून म्हणाला, "झालं न्हाई ना? मग उद्यापासनं गुरं." म्या म्हणलं, चूक मास्तरची, साहेबांनी पुढचं वर्ष सांगितलंय. तो म्हणाला, "एकदाच म्हणलो होतो," आणि गोठ्यात निघून गेला.

प्रवास करू नये असं मी म्हणत न्हाई. पोरीला घेऊन जरूर जा. नऊ कोटी मैलांवरचं माणसानं हितं उभं राहून शोधलं, हे तिला कळू द्या. पण परत येताना गाडीत ती काय विचारंल त्याची तयारी ठेवा. आमची यमी नदीपाशी म्हणाली, "आजी, माझं काय चुकलं?"

म्या सांगितलं न्हाई. आणि बायांनो, तुमीही नशीब, बाईचा जन्म असलं काही तिच्या कानात घालू नका. यमीला उत्तर तिच्या बापानंच द्यायचं. गोठ्यातनं बाहेर येऊन, तिच्यासमोर बसून, तिच्याकडं बघून. तोवर या घरात त्यावर दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं न्हाई.