सायरन वाजला की मैदानात

माझी भाची आता डॉक्टर झालीय आणि माझ्या गुडघ्यांवरून मला रागावते. ती रागावली की मला फार बरं वाटतं. ती युक्रेनला शिकत असताना तिथं युद्ध पेटलं होतं, तेव्हा ही पोरगी पुन्हा कधी आपल्याशी भांडेल का, एवढीच काळजी होती.

येरमाळ्यात येडेश्वरीच्या वाटेवर माझं ओटीच्या साहित्याचं दुकान आहे. खण, नारळ, हळदीकुंकू, हिरव्या बांगड्या. युद्ध सुरू झालं तसा मी गल्ल्यापाशी मोबाईल उभा करून ठेवायला लागले. त्यात तिकडचा नकाशा होता. विमानं किंवा क्षेपणास्त्रं येतायत असा इशारा झाला की तो भाग लाल व्हायचा, धोका टळला की रंग उतरायचा. भाचीचं शहर लाल झालं की माझं चित्त थाऱ्यावर राहायचं नाही. एका बाईला मी खण द्यायचा सोडून दोन नारळ दिले. तिच्या नवऱ्यानं विचारलं, "मावशी, क्रिकेट लागलंय काय?"

"व्हय," मी म्हटलं, "अन् आपलीच विकेट धोक्यात हाय."

लाल रंग एवढंच सांगायचा की धोका आहे. बाँब कशावर पडला ते सांगायचा नाही. ते शोधायची मला खोड लागली. तिथलेच लोक फोटो टाकत. भाषा कळत नव्हती, पण मोबाईल मोडकंतोडकं भाषांतर करून द्यायचा. सैन्याच्या छावण्यांवर पडत असतील असं मी धरून चालले होते. दिसायचं ते वेगळंच. दवाखाना, शाळा, राहत्या घरांचे मजले, पावासाठी लागलेली रांग. एकेक फोटो बोटांनी मोठा करून मी रस्त्याची पाटी, दुकानाचा रंग बघायचे आणि भाचीच्या वसतिगृहापासून ते किती लांब असेल याचा अंदाज बांधायचे. शेजारचा हारवाला म्हणायचा, बघू नका, बीपी वाढेल. न बघता जास्त वाढायचं, त्याला मी काय करणार?

माझे थोरले दादा, म्हणजे भाचीचे वडील, मात्र निवांत. दिवसभर शेतात, संध्याकाळी माझ्या दुकानात चहाला. एके दिवशी त्यांनी तिचे निरोप मला दाखवले. सगळे एकसारखेच. 'सायरन झाला, मैदानात आलेय.' वाचलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला.

"मैदानात? तळघर न्हाय का तिथं?"

"हाय की. पर म्या शपथ घातलीय तिला, माझ्या गळ्याची. काय बी झालं तरी जमिनीखाली जायचं न्हाय. डोक्यावर आभाळ पाहिजे."

हे कुठून आलं ते मला लगेच कळलं. वहिनीचं माहेर लोहारा तालुक्यातलं. त्र्याण्णवच्या भूकंपात तिथली दगडमातीची घरं वरच्या जड माळवदासकट खाली बसली. वहिनी तेव्हा नवी नवरी होती. दादा तिकडं धावले आणि हातांनी ढिगारे उपसत राहिले. सासूसासऱ्यांचे देह त्यांच्याच हाताला लागले. तेव्हापासून आमच्या घरात लेकराला पाय फुटले की पहिलं शिकवतात, हादरा बसला की बाहेर पळ. आम्ही सगळे त्याच शहाणपणावर जगलो.

भूकंपाला ते चालतं. बाँबला चालत नाही. उघड्यावर लोखंडाचे तुकडे येऊन लागतात, काचा लागतात, हे मी रोज बघत होते. मी असा काही तोंडाचा पट्टा सोडला की दारात आलेलं गिऱ्हाईक पायरीवरूनच परत फिरलं.

"लेकीला काय ऊन खायला बसवलंय व्हय तुमी? वरून आग पडतीया!"

"ढिगाऱ्याखालून येणारा आवाज तू ऐकलाय का? म्या ऐकलाय."

 एक गोष्ट मी त्यांच्यापासून लपवत होते. इमारत कोसळून तळघरातली माणसं अडकली, असेही फोटो मी पाहिले होते. खात्री कशाचीच नव्हती. पण इतकं बघून माझं मत झालं होतं की जगायची आशा खालीच जास्त.

मी स्वतः तिला फोन करून 'खाली जा' म्हणाले असते. पण आमच्याकडं गळ्याची शपथ मोडली तर ज्याचा गळा त्याच्या जिवावर बेततं असं मानतात, आणि ज्यानं शपथ घातली त्यानंच 'सुटली' म्हणावं लागतं. दुसऱ्या कुणी म्हणून चालत नाही. डॉक्टरकी शिकणारी पोरगी असलं काही मानते का, असं कुणी म्हणेल. मी मानते, आणि ती माझ्याच मांडीवर वाढलीय.

दुसऱ्या दिवशी दादा आले तसा मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. फोटोत उंच इमारतींच्या मधलं अंगण होतं. इमारती उभ्या होत्या, अंगणात मात्र पाय ठेवायला जागा नव्हती इतक्या काचा. दादांनी माझ्यासारखाच तो बोटांनी मोठा करून बघितला.

"इथं माणसं व्हती?"

"व्हती."

"अन् घर पडलं न्हाय?"

"न्हाय पडलं, दादा."

त्यांनी मान वर केली नाही. तसेच म्हणाले, "लाव तिला."

तिच्या शहरावरचा लाल रंग नुकताच उतरला होता. मी स्पीकरवर लावलेला फोन तिनं पहिल्याच रिंगला उचलला. दादा शेताच्या पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी तसे ओरडले, "सुटली! शपथ सुटली बघ! तळघरात जात जा!"

  पलीकडून रडू ऐकू आलं.

"तात्या, मी पहिल्या दिवसापासनं खालीच जातीय."

मी नारळाच्या पोत्यावर बसकण मारली. ज्या मैदानाच्या काळजीनं माझा जीव टांगणीला लागला होता, तिथं पोरगी कधी गेलीच नव्हती. राग यायला हवा होता, पण सगळं अंग हलकं झालं. लबाड कार्टी, म्हटलं, शंभर वर्षं जग.

ती बोलतच होती. "तुमची शपथ मोडली म्हणून लई भ्या वाटायचं. सायरन थांबला तरी घशाखाली पाणी उतरत नव्हतं. आधी तुमाला फोन लावायचे. तुमचा आवाज आला की मग प्यायचे."

दादांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. बोलायला गेले, पण आवाज फुटेना. तिकडं ती घाबरून "तात्या? तात्या?" करायला लागली.

"हाय," दादा म्हणाले. "म्या हाय. तू पाणी पी."