चमक नको, डोळे दिसू देत

माझ्या नणंदेचं घरातलं नाव नकटी. ते तिच्या आईने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी ठेवलेलं. सासूबाईंना जन्मापासून ऐकू येत नाही. त्या हातांनी बोलतात, आणि लेकीचा विषय निघाला की स्वतःच्या नाकाचा शेंडा दाबतात. नकटी आधी हातांनी बोलायला शिकली, मग तोंडाने. तोंडाने शिकली ती पुन्हा थांबलीच नाही, ते जाऊ दे.

संध्याकाळच्या बातम्यांना सासूबाई सगळ्यांच्या आधी येऊन बसायच्या. पूर, आग, गर्दी, सगळं दिसायचं आणि कळायचं काहीच नाही. काय झालं, म्हणून त्या विचारायच्या. टीव्हीवरची नजर न काढता कोणीतरी हात हलवायचं, नंतर सांगतो. ते नंतर कधी उजाडलं नाही. मला फार राग यायचा.

नकटी दवाखान्यात बहिऱ्या रुग्णांची दुभाषी. एका वाहिनीने बातम्यांच्या कोपऱ्यात हातांनी सांगणारं माणूस दाखवायचं ठरवलं आणि तिला चाचणीला बोलावलं. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! झगझगीत दिव्यांखाली तिचे डोळेच गायब झाले. हातांच्या बोलण्यात निम्मं काम चेहरा करतो. थट्टा, राग, शंका सगळं डोळ्यांत. डोळे नसले की नुसतं माश्या हाकलल्यासारखं दिसतं. तिथले साहेब म्हणाले, "डोळ्यांना काहीतरी लावून या. उद्या संध्याकाळी शेवटचं बघू."

जन्मात पावडरीपलीकडे न गेलेली ही बाई येताना चकचकीत आयशॅडो घेऊन आली. लावून दाखवली, तर सासूबाईंनी उन्हात धरतात तसा कपाळावर आडवा हात धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी दुकानात.

"समारंभासाठी हवंय का?" विक्रेत्या मुलीने विचारलं.

"रोजच्यासाठी. चमक अजिबात नको, मॅट दाखवा," नकटी म्हणाली.

"हे घ्या, पाण्यानेही फिसकटत नाही," म्हणत त्या मुलीने तीन-चार डब्या उघडल्या. बिस्किटी, फिकट गुलाबी, ओल्या मातीसारखा, चहासारखा. प्रत्येक रंगाची रेघ नकटीच्या मनगटावर.

"अगं बाई, ती मनगटाने नाही बोलणार," मी म्हटलं.

एवढ्यात सासूबाई तरातरा बाहेर पडल्या, रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून हात केला: हं, बोल. काचेआडची लेक तिथून टीव्हीच्या कोपऱ्यातल्याएवढी दिसत असणार. बाईंचं डोकं म्हणजे डोकं!

बिस्किटी रंग लावून नकटीने काचेतून माझ्या स्वयंपाकाची थट्टा केली. सासूबाई ढिम्म. गुलाबी लावला तर पलीकडून विचारणा आली, डोळे आलेत का?

मग तिसरी, दोन रंगांची डबी. पापणीवर चहाचा रंग, वरच्या घडीत मातीचा. नकटीने मान ताठ केली आणि हात झोकात फिरवले: आज बघच, सगळ्यांना गार करते की नाही! मध्ये एक बस आडवी आली. ती गेली तेव्हा सासूबाईंचे हात हलत होते, आणि नकटीचा चेहरा पडला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणते, किती घाबरली आहेस तू. इथून दिसतंय."

कालपासून ही पोरगी नुसती बडबडत होती, आणि आम्हाला वाटलं खुशीत आहे.

समोर सासूबाईंनी दोन्ही हात उंच केले, आंधळ्यालाही दिसेल असे मोठ्ठे: हीच डबी घे!

संध्याकाळी तीच लावून गेली आणि काम घेऊन आली. आल्या आल्या आईच्या मांडीत डोकं खुपसून रडली, तरी रंग काही फिसकटला नाही. दुकानातली मुलगी खोटं बोलली नव्हती.

नकटी पहिल्यांदा बातम्यांत दिसायची होती त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात मिक्सर लावून बसले होते. अर्धवट सोडून ओल्या हातांनी बाहेर धावले. पडद्यावर कसली तरी प्रचंड गर्दी, आणि कोपऱ्यात आमची नकटी. रिमोट सासूबाईंच्या मांडीवर, आवाज बंद. त्यांना कशाला हवा?

मी त्यांच्या खांद्याला हात लावून खुणेने विचारलं, काय झालं?

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोपऱ्यावरची नजर न काढता नुसता हात हलवला: नंतर सांगते.