बायोडाटातले तीन इंच

पंडित गजभिये मला आधीपासूनच आवडायचा, पण त्या मंगळवारनंतर तर फारच आवडायला लागलाय. मूळचा नागपूरचा, इथे अमेरिकेत शॉमबर्गच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका पकडणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. स्वतःची एक चूक मात्र त्याने अकरा वर्षं जपून ठेवली होती.

त्याची मुलगी अस्मिता आठ वर्षांची. बडबडी, चपळ आणि बुटकी. तिच्या वयाच्या शंभर मुली उंचीप्रमाणे ओळीत उभ्या केल्या तर ही खालून आठवी. एवढ्यावरून लोकांनी तिच्या आईबापाला हैराण केलं होतं. वाढदिवस असो की बुद्धपौर्णिमा, कुणीतरी तिच्या आईला, अंजनाला, हमखास विचारायचं, नीट जेवते ना ही? मला अशा लोकांचा भयंकर संताप येतो. अंजनाने अंडी, नाचणी आणि दुधाचा मारा सुरू केला. पंडितने दाराच्या चौकटीत लोंबकळायला दांडा बसवला. पोरगी त्यावर लटकून खिदळायची आणि आपल्याच गतीने वाढायची.

शेवटी मुलांच्या वाढीच्या तज्ज्ञ डॉक्टरबाईंची अपॉइंटमेंट मिळाली. पंडितची गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून शेजारी या नात्याने तिघांना घेऊन मीच ड्राइव्ह केलं आणि त्यांच्यासोबत आतही गेलो. अस्मिता वाटभर एकच विचारत होती.

"काका, विल देअर बी अ नीडल?"

फॉर्मवर बापाची उंची होती पाच फूट आठ इंच, आईची पाच चार. त्या हिशोबाने मुलगी पाच फूट तीनच्या पुढे जायला हवी होती. वाढीच्या चार्टवरची तिची रेघ मात्र जेमतेम पाच फुटांकडे चालली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, एवढा फरक असेल तर ग्रोथ हार्मोनची टेस्ट करून घेऊ. हाताला सुई लावून काही तास थोड्या थोड्या वेळाने रक्त घ्यायचं. कमतरता निघाली तर पुढे काही वर्षं रोज इंजेक्शन. अस्मिताने ते ऐकलं आणि बापाचा शर्ट मुठीत घट्ट धरला.

पंडित ताडकन उठला.

"डॉक्टर, इनपुटच चुकलंय. मी पाच आठ नाही."

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. लग्नाच्या बायोडाटात मामांनी तीन इंच वाढवून लिहिले होते. तोच आकडा पुढे लायसन्सवर गेला, इन्शुरन्सवर गेला आणि आता सवयीने या फॉर्मवर. हे सगळं अंजनासमोर! तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होईना. बूट काढून तो भिंतीवरच्या पट्टीला पाठ लावून उभा राहिला. पाच फूट पाच.

अंजनाने पर्स माझ्या हातात दिली, सँडल काढले आणि त्याच पट्टीखाली जाऊन उभी राहिली. पाच फूट एक! म्हणजे तिचेही तीन इंच खोटे. दोघांनी सारखंच वाढवल्यामुळे शेजारी उभे राहिले की फरक बरोबर चार इंचांचा दिसायचा, आणि अकरा वर्षांत कुणाला शंका आली नाही. मला हसू आवरेना.

डॉक्टरबाईंनी पुन्हा आकडेमोड केली. अस्मिताची रेघ आईबापाच्या मापात चपखल बसत होती, आणि तिसऱ्या वर्षापासून ती कुठे घसरलीही नव्हती. टेस्ट कॅन्सल! पंडितने हळूच विचारलं, म्हणजे आमच्या रक्तातच उंची कमी का? त्या म्हणाल्या, उंची बरीचशी आईबापाकडून येते, पण सगळी नाही. लहानपणी पोटभर मिळालं होतं का? पंडितने नकारार्थी मान हलवली. त्याची शाळा एकवेळच्या जेवणावर झाली होती. मग तुमच्या अंगात एवढीच उंची होती असं कशावरून, डॉक्टरबाई म्हणाल्या. हिला सगळं मिळतंय, ही तुमच्या अंदाजापुढेही जाईल कदाचित. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

पार्किंगमध्ये अस्मिता 'नो नीडल' करत पुढे उड्या मारत होती. पंडितने अंजनाची माफी मागितली.

"राहू द्या," ती म्हणाली. "अकरा वर्षं तुमच्यासोबतच्या प्रत्येक फोटोत मी टाचा उचलून उभी राहिलेय."

पंडितने आपल्या बुटांकडे पाहिलं.

"मीपण," तो म्हणाला.