उंबरवाडीचा फिक्का चहा

गोपाळराव करकंबकर शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त झाले, तेव्हा जुळे सोलापुरातल्या त्यांच्या कॉलनीला वाटलं, आता हे गृहस्थ गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालतील आणि सोसायटीच्या बैठकीत भांडतील. पण गोपाळरावांना घरी बसवेना. शहरातल्या एका आरोग्य संस्थेला, गावोगावचे कार्यक्रम नीट राबवले जातात की नाही हे जाऊन बघणारा माणूस हवा होता. गोपाळरावांनी ते काम धरलं. 'अंमलबजावणी' हा शब्द ते पेढा चघळल्यासारखा उच्चारत. खरा पेढा त्यांना मना होता. रक्तातली साखर काठावर आलेली, आणि त्या काठावर बायको, प्रभाताई, पहारा देत उभ्या.

"बाहेर काही गोड खायचं नाही हं," त्या रोज बजावत.

"नाही खाणार," गोपाळराव म्हणत. पिण्याबद्दल बोलणं झालेलं नव्हतं.

संस्थेचा नवा कार्यक्रम होता 'साखर कमी, तब्येतीची हमी'. तो राबवायला निवडली मोडनिंबच्या पुढची उंबरवाडी आणि ओढ्यापलीकडची माळवस्ती. चहूकडं ऊस, कारखान्याचा धूर, आणि जन्मापासून गोड चहावर वाढलेली माणसं. गावच्या आशा सेविका प्रियंकाताई दारोदार फिरल्या आणि सगळ्यांकडून वदवून घेतलं, की आजपासून घरातला चहा बिनसाखरेचा. तपासणीत मात्र गावाची साखर तसूभर हलली नाही. मग संस्थेचे प्रमुख सोमशेखर साहेबांनी गोपाळरावांना पाठवलं, "जरा बघून या, कुठं पाणी मुरतंय."

पहिलं घर म्हाळसाबाईंचं. मेंढरांचा वाडा, दारात बाज, आणि चुलीवर दोन पातेली. बाईंनी एका पातेल्यातला चहा कपात ओतून गोपाळरावांच्या हातात दिला. चमचा उभा राहील इतका गोड.

"अहो बाई, साखर सोडलीय ना तुम्ही?"

"सोडली की! आवं, घरात आमी फिक्काच पितो. ह्ये बगा." त्यांनी दुसऱ्या पातेल्यातला घोटभर पाजला. खरंच, बाभळीच्या सालीचा काढा.

"मग हा माझा असा कसा?"

"तुमी पाव्हणं! पाव्हण्याला फिक्का पाजला तर लोक तोंडात श्यान घालतील माज्या."

गोपाळरावांनी लिहून घेतलं, घरातली अंमलबजावणी उत्तम, आणि कप संपवला. सरकारी असो की खाजगी, काम अर्धवट सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरीही. दोन पातेली, घरच्यांना फिक्का, पाव्हण्याला गोड. पाहणीवर गोपाळराव असे खूश झाले, की ज्या घरांत गरज नव्हती तिथंही ते खोलात गेले. पुढच्या आठवड्यात परत आले. त्याच्या पुढच्याही. प्रभाताईंना वाटलं, काय हा माणूस कामाला वाहून घेतोय!

पण एक गोष्ट गोपाळरावांना खटकायला लागली. म्हाळसाबाईंच्या बाजेवर सरपंच बिभीषण बसलेले असत, हातात कप. सरपंचांच्या ओसरीवर म्हाळसाबाईंचे मालक मायाप्पा, हातात कप. आणि एकदा तर मायाप्पांच्या शोधात ते सरपंचांकडं गेले, तर तिथं खुद्द म्हाळसाबाई बशीत फुंकर घालत बसलेल्या.

"बाई, तुम्ही इथं?"

"व्हय. पाव्हणी आलीया."

"घर तर तुमचं समोरच आहे!"

"आसंना. उंबरा वलांडला की पाव्हणी."

गोपाळरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरात कोणीच साखर खात नव्हतं, कारण घरात कोणी चहाच पीत नव्हतं. अख्खी उंबरवाडी सकाळ-संध्याकाळ एकमेकांकडं पाव्हणचाराला जात होती. नियम शंभर टक्के पाळून साखर शंभर टक्के पोटात!

हे ते प्रियंकाताईंना सांगायला गेले, तर तिथं तपासणी चालू होती. ताईंनी हसत त्यांच्याही बोटाला सुई टोचली, यंत्राकडं पाहिलं, आणि त्यांचं हसू मावळलं.

"सर, गावात सगळ्यात जास्त साखर तुमची हाय."

"यंत्र बिघडलं असेल."

"दुसऱ्या यंत्रावर बघू?"

"नको," गोपाळराव घाईघाईनं म्हणाले.

त्यांनी सोमशेखर साहेबांना पाव्हणचाराचा प्रकार कळवला. साहेबांनी फोनवरच हुकूम सोडला, पाव्हण्यालाही फिक्का! गोपाळरावांनी मारुतीच्या पारावर सभा घेतली आणि हुकूम वाचून दाखवला. पारावर असा गलका उठला, की देवळावरची पाखरं उडाली.

"इज्जत न्हाय का गावाला?" मायाप्पा ओरडले.

"उद्या सोयरीक जुळवायला माणसं आली तर? फिक्का पिऊन पोरगी करून घेतील व्हय?"

शेवटी सरपंच बिभीषण उठले. डोक्यावरची टोपी नीट करून म्हणाले, "मधला मार्ग काढू. गावातला तो घरातलाच. त्याला फिक्का. पाव्हणा कोन? तर जो वड्याच्या पलीकडनं ईल त्यो. त्याला गोड. हाय का कबूल?"

टाळ्या पडल्या. गोपाळरावांनाही निवाडा पटला. माळवस्तीनंही त्याच संध्याकाळी तसाच ठराव केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोपाळराव मोडनिंबहून येत होते, तर ओढ्याच्या वाटेवर जत्रा भरल्यासारखी गर्दी. अख्खी उंबरवाडी चढ चढत माळवस्तीला निघाली होती. वरून अख्खी माळवस्ती उतरत येत होती. ओढ्यात दोन्ही फौजा समोरासमोर आल्या.

"कुटं निगालात, मायाप्पा?"

"तुमच्याकडं, च्याला. तुमी?"

"तुमच्याकडंच की!"

"मग तुमच्याकडं कोन हाय?"

"कोन न्हाय. आन् तुमच्याकडं?"

"तितं तरी कोन आसनार?"

सगळे ओढ्यात उभे. पुढं जावं तर पलीकडं दारांना कड्या. मागं जावं तर मागून पाव्हणे येऊन घरच्या साखरेवर डल्ला मारायचे. शेवटी सगळे चहाविना आपापल्या घरी परतले, आणि उन्हं चढल्यावर पुन्हा निघाले. पुन्हा तिथंच गाठ पडली. म्हाळसाबाईंनी एकदा ओढ्यातच तीन दगड मांडून चहा टाकला, पण इथं पाव्हणा कोण आणि यजमान कोण यावर अशी जुंपली, की चहा आटून गेला.

असं करता करता हंगाम निघून गेला. माणसं रोज चढत होती, उतरत होती, भांडत होती, आणि तोंडात साखरेचा कण पडत नव्हता. पुढच्या तपासणीत दोन्ही गावांची साखर धाडकन खाली आली. सोमशेखर साहेब खूश. म्हणाले, "घोषवाक्यानं काम केलं!"

"साहेब, लोक चालले म्हणून झालं."

"चालणं आपल्या कार्यक्रमात होतं?"

"नव्हतं."

"मग कार्यक्रमात नसलेल्या गोष्टीची अंमलबजावणी झाली कशी?"

आपल्याच लाडक्या शब्दानं आपल्याला गाठावं याचं गोपाळरावांना वाईट वाटलं. तरी अहवालात त्यांनी ओढ्याची हकीकत जशीच्या तशी लिहिली. साहेबांनी ती काढली नाही, फक्त मुखपृष्ठावर घोषवाक्य मोठं केलं.

आनंदात एकच विघ्न आलं. गोपाळरावांची साखर तेवढी चढतीच राहिली, म्हणून प्रियंकाताईंनी काळजीपोटी प्रभाताईंना फोन केला. त्यानंतर घरात जे झालं ते कॉलनीनं भिंतीपलीकडून ऐकलं. पुढच्या भेटीला प्रभाताई पदर खोचून बरोबर आल्या.

म्हाळसाबाईंनी दोघांसमोर वाफाळते गोड कप ठेवले. "घ्या. तुमी तर वड्याच्या लई पलीकडलं!"

प्रभाताईंनी कप बाजूला सारला. "हे बघा म्हाळसाबाई, आम्ही पाहुणे नाही. मी तुमची बहीण, हे तुमचे मेहुणे. घरच्यांना जे देता तेच आम्हाला द्या."

म्हाळसाबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी दोन्ही कप उचलले आणि दोन फिक्के पुढं ठेवले. मग प्रभाताईंच्या मांडीवर गवारीची पाटी ठेवली. "घरातल्या हायसा तर निवडा एवढी. आन् मेव्हणं, नुसतं बसू नगा. वाड्यात जावा, मालकांनी कातर धरलीया, मेंढराचं पाय धरायला मानूस न्हाय."

गोपाळरावांनी बायकोकडं आशेनं पाहिलं. प्रभाताई गवार मोडत होत्या. त्यांनी फिक्क्या चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि मानेनंच वाड्याची वाट दाखवली.