पायाळूच्या तीन लाथा

आमच्याकडं कुणाच्या कमरेत उसण भरली की पायाळूला बोलावत. आईच्या पोटातून पायाकडून आलेल्या माणसाची लाथ पाठीत बसली की उसण निघते, अशी समजूत. निजाम जाऊन दोन-तीन सुग्या झाल्या होत्या. माझा थोरला भाऊ कडब्याच्या गंजीवरून पाठीवर आपटला. पायाला मुंग्या आल्यात म्हणाला. उजव्या पायाचा अंगठा हालत होता, मी डोळ्यानं पाहिला. तरी पायाळूला आणायला मीच पळालो. हे मी लपवत नाही.

पायाळूनं भावाला पालथा पाडून तीन लाथा घातल्या. तिसरीला भाऊ लय ओरडला. त्यानंतर अंगठा हालला नाही.

"उसण जुनी हाय," म्हणाला अन् पान चघळत निघून गेला.

बैलगाडीत घालून भावाला परभणीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर टाचणीनं पायापासून वर टोचत आला, बसायच्या जागेलासुद्धा टोचलं. बेंबीच्या वर भावाला कळलं, खाली काहीच नाही. मी दुसरीतून शाळा सोडलेला, पण डॉक्टरनं सांगितलेलं अजून तोंडपाठ आहे. कण्याच्या आत मऊ दोरी असते. मानेत मार बसला तर हातपाय दोन्ही जातात, पाठीत बसला तर पाय. त्यातही दोन प्रकार. माराच्या खाली थोडंबी कळत-हालत असलं तर इजा अपुरी. काहीच नसलं तर पुरी.

"पडल्यावर अंगठा हालत होता?"

"व्हता, साहेब."

"म्हणजे तेव्हा अपुरी होती. मधे काय केलंत?"

मी लाथांचं सांगितलं. तिथंच ठरवलं, त्या माणसाचा पाय पुन्हा कुणाच्या पाठीवर पडू द्यायचा नाही.

पोळ्याला मारुतीपुढं सगळं गाव जमलं. मी भावाला बाजेवर घालून तिथं नेला अन् पायाळूच्या हातात बाभळीचा काटा ठेवला.

"टोचा मामा. ह्याला कळंल तिथवर या."

"सणासुदीचं काय सोंग लावलंस रे?"

"लाथा घालताना मुहूर्त पाहिला व्हता का, मामा?" भाऊ बाजेवरून म्हणाला.

लोक हसले. पायाळूनं तळपायाला टोचलं.

"वर या."

गुडघ्याला टोचलं.

"आणखी वर. लाजू नका."

मांडीला रक्ताचा थेंब आला, भावाला पत्ता नाही. आता कुणी हसत नव्हतं. काटा बेंबीच्या वर गेला तेव्हा भाऊ म्हणाला, "हां. हितून म्या हाय."

"मला काय ठावं व्हतं?" पायाळू पुटपुटला.

"मलाबी न्हवतं," मी म्हणालो. "पण मी रोज ह्याचं हागणं-मुतणं काढतो. तुमी काय करता?"

त्या दिवसापासून त्याला कुणी बोलावलं नाही. समोरून आला की बाया लेकरं उचलून घेत. मला बरं वाटायचं.

चौथ्या वर्षी पडून पडून पाठीला झालेल्या जखमा सडून भाऊ गेला. खांदा द्यायला पायाळू आला. बापाच्या वयाचा माणूस, हात जोडून रडत होता.

"मागं व्हा," मी म्हणालो.

लोक म्हणाले, देऊ दे की आता. मी तिरडी खाली ठेवली अन् तो घरी जाईपर्यंत उचलली नाही.