फील्ड किचनच्या छतावरची बैठक

"हे ब्रॅकेट ड्रॉइंगमध्ये नाही," सोनाली फरशीवरच्या खडूच्या चित्राकडे बोट दाखवून म्हणाली.

सुप्याच्या एमआयडीसीत आमची फॅक्टरी आहे. आम्ही फील्ड किचन बनवतो. म्हणजे ट्रकच्या मागे जोडून ओढत न्यायचं स्वयंपाकघर. डिझेलवर चालणारे बर्नर, मोठी पातेली, पाण्याची टाकी. एका ट्रेलरवर शंभरावर जवानांचा स्वयंपाक होतो. मी फौजेत सप्लायच्या कामात होतो. सुभेदार म्हणून रिटायर झालो. गाव पारनेर तालुक्यातलं, म्हणून इथेच क्वालिटी विभागात लागलो.

त्या दिवशी पीडीआय होता. माल निघण्याआधी गिऱ्हाईक स्वतः येऊन तपासतं, त्याला पीडीआय म्हणतात. गिऱ्हाईक होतं आफ्रिकेतल्या एका देशाचं सैन्य. नाव सांगत नाही, त्यांचं काम आमच्याकडे अजून चालू आहे. शेजारच्या देशात यादवी पेटली होती आणि यांचं सैन्य सरहद्द ओलांडून तिथे जाणार होतं.

तपासायला आलेले त्यांचे कर्नल हळू आवाजात, इंग्रजीत बोलायचे. त्यांनी बर्नर पेटवून पाहिले, पातेलंभर भात शिजवून घेतला, चव घेतली, खूश झाले. मग फरशीवर खडूने एक चित्र काढून म्हणाले, "ट्रेलरच्या छतावर असं ब्रॅकेट, म्हणजे एवढी बैठक, वेल्ड करून द्या."

"कशासाठी?" सोनालीने विचारलं. सोनाली गायकवाड आमची डिझाइन इंजिनिअर, देवळाली प्रवराची. तिच्या सहीशिवाय ट्रेलरवर एक नटसुद्धा वाढत नाही.

"दिव्यासाठी."

मी चित्राकडे पाहिलं. दिव्याला एवढी जाड प्लेट लागत नाही. "सर, ही मशिनगनची बैठक आहे," मी म्हणालो.

कर्नलनी नाकारलं नाही. "तुम्ही फौजी आहात, तुम्हाला काय सांगायचं? जेवणाच्या रांगेसारखं सोपं टार्गेट नाही. आणि रांगेत फक्त आमचे जवान नसतील. तिथली माणसंही असतील."

"पण तुम्ही तिथे जायचंच कशाला?" सोनाली म्हणाली.

प्लांट हेड कुलकर्णी साहेब दचकले. "मॅडम, तो आपला विषय नाही."

"छतावर बंदूक बसवायची सही माझी. मग विषय कुणाचा?"

"आम्ही गेलो नाही तर ती माणसं मरतील," कर्नल म्हणाले. "रोज मरताहेत."

"आणि गेल्यावर? तिथे दोन बाजू लढताहेत, तुम्ही तिसरी व्हाल. सरहद्दीजवळ खाणी आहेत, असंही मी वाचलंय."

"आहेत. सरकार मला खाणींसाठी पाठवत असेल. मी नाही म्हणत नाही. पण तिथे माणसंही आहेत."

आता मला राहवलं नाही. "सोनाली, मी निळी टोपी घालून शांतिसेनेत गेलो होतो. असाच देश. लोक आमच्या कॅम्पच्या तारेबाहेर भांडी घेऊन बसायचे. त्यांना आत घ्यायचा हुकूम नव्हता, बाहेर जाऊन लढायचाही नव्हता. एका सकाळी बाहेर नुसती भांडी होती. कुणीच आलं नाही की काय होतं, ते मी पाहिलंय."

ती मला म्हणाली, "सर, बंदुकीखाली उभं राहून ताट घ्यायला माणसं येतील?"

"भूक लागली की येतात," मी म्हणालो.

"तेच म्हणतेय मी. येतील. मग दुसऱ्या बाजूच्या लेखी ती यांची माणसं ठरतील. मारायला तेवढं कारण पुरतं."

कर्नल खाली चित्राकडे बघत होते.

शेजारी आमचा वेल्डर गोरख डोळ्यांपुढे धरायचं हँडशील्ड हातात घेऊन उभा होता. "सायेब, वेल्डिंग मारू का न्हाई, तेवढं सांगा. आमी चुली म्हनून करायला घेतल्या हुत्या."

शेवटी कुलकर्णी साहेबांनी वाद मिटवला. बैठक लावली की किचन युद्धसामग्रीत जातं आणि त्याला सरकारचा वेगळा परवाना लागतो. तो आमच्याकडे नव्हता. कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवायची वेळच आली नाही. कर्नल हसले. "हरकत नाही. वेल्डर आमच्याकडेही आहेत." ट्रेलर ठरल्याप्रमाणे बंदरावर गेले.

काही महिन्यांनी कर्नलांचा व्हिडिओ कॉल आला. स्पेअर बर्नर हवे होते. कुठले, ते कळावं म्हणून त्यांनी मोबाईल ट्रेलरकडे वळवला. एक बाजू काळी पडली होती, टाकी फाटली होती. छतावर वाकडीतिकडी वेल्ड केलेली बैठक होती.

"सुरुवातीला चांगलं चाललं," ते म्हणाले. "आसपासच्या गावांतून बायका पोरांना घेऊन यायच्या. झाडपाला खाऊन राहिलेल्या. मग एका सकाळी रांगेवरच तोफांचा मारा झाला."

"किती गेले?"

त्यांनी आकडा सांगितला. तो मला इथे लिहवत नाही.

"बंदूक होती ना छतावर?"

"होती. माझा एक अधिकारी म्हणतो, बंदूक दिसली म्हणूनच त्यांनी आम्हाला निवडलं. दुसरा म्हणतो, बंदूक नसती तर हे पहिल्याच आठवड्यात झालं असतं. दोघेही तिथे हजर होते."

दुपारी कॅन्टीनमध्ये मी सोनालीला सगळं सांगितलं. तिने डबा बंद केला. 'मी सांगितलं होतं' असं ती म्हणेल असं मला वाटलं होतं.

"आधी त्या बायका काय खात होत्या म्हणालात?"

"झाडपाला."

ती उठली, स्टोअरमध्ये गेली आणि पाठवायचे बर्नर स्वतः एकेक पेटवून पास केले.

फॅक्टरीत एखाद्या पार्टवरून वाद झाला की आम्ही दोन नग बनवतो. एकात तो पार्ट लावतो, एकात लावत नाही. दोन्ही चालवून बघितले की वाद संपतो. दुसऱ्याच्या देशात सैन्य पाठवावं की नाही, याची अशी टेस्ट घेता येत नाही. तिथे नग एकच असतो.